अव्वाची मराठी

नीलम्मा लग्न होऊन उमरग्यात नांदायला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिला मराठी येत नव्हती. तिचं माहेर काही सातासमुद्रापार नव्हतं. आळंदच्या बाजूला चाळीसेक किलोमीटरवर तिचं गाव. माती तीच काळी, ज्वारी तीच, उन्हाचा चटकाही तोच. पण मधून राज्याची हद्द गेलेली, आणि हद्दीपलीकडं शाळेतला फळा कानडी. बारावीपर्यंत कानडीतून शिकलेली ही मुलगी माप ओलांडून आत आली आणि सासूनं, सारजाबाईंनी, तिचं नाव बदललं. नीलम्माची नीलिमा झाली. नीलम्मा म्हटलं की लोक कुठली, कोणाची असं विचारतात, नीलिमा म्हटलं की कुणी विचारत नाही, असं सारजाबाईंचं साधं गणित होतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सुनेला लोकांनी परकी समजू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

नवरा विरेश हायस्कूलला मास्तर. तो संध्याकाळी तिच्याकडून पेपर मोठ्यानं वाचून घ्यायचा. सारजाबाई भाकरी थापता थापता चुका काढायच्या. 'तो भाकरी' आणि 'ती दूध' यावर घर हसायचं, तीही हसायची, आणि मनातल्या मनात शब्द दहा वेळा घोकायची. दोन वर्षांत ती अशी बोलायला लागली की बाजारातल्या बाया तिला लातूरकडची समजायच्या.

वर्षातून दोनदा तिची आई यायची. तिला ती अव्वा म्हणायची. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि करडईच्या तेलाची बाटली असं गाठोडं घेऊन अव्वा एस्टीतून उतरायची. दुपारभर ती आणि सारजाबाई ओसरीत बसायच्या. एक कानडीत बोलायची, दुसरी मराठीत, आणि दोघींचं सगळं एकमेकींना कळायचं. अव्वाला मराठी समजायची, पण तिनं कधी एक वाक्य उच्चारलं नाही. तिचं म्हणणं, जीभ म्हातारी झाली, आता ती नव्या वळणाला लागायची नाही.

मुलगी झाली, शिवांजली. ती शाळेत जायला लागली तेव्हा गावातल्या काही बायांनी मिळून महिलांची सहकारी बँक काढली. बँकेला हमरस्त्यावरच्या हॉटेलांतून, गॅरेजांतून, टायरच्या दुकानांतून रोजची बचत गोळा करणारी बाई पाहिजे होती. विरेशनं तिचं नाव सुचवलं. नीलिमा खांद्याला पिशवी अडकवून ट्रकांच्या रांगांमधून फिरू लागली. बाहेरून शिकून तिनं बी.कॉम. केलं, कारकून झाली, मग अधिकारी झाली.

तिच्या जिभेवर बँक वाढली, असं जुने संचालक अजून म्हणतात. दवाखान्याला, बाजाराला, सोयाबीन घालायला हद्दीपलीकडची माणसं उमरग्याला येतच होती. इतर बँकांत ती खिडकीसमोर नुसती उभी राहायची. इथं मात्र आतून एक बाई कानडीत विचारायची, 'ऊटा आतेन?' म्हणजे, जेवलात का? फॉर्म नंतर. चाळीस वर्षांत ज्या म्हाताऱ्यांना बँकेच्या आत कुणी बसा म्हटलं नव्हतं, ते तिच्या टेबलासमोर बसून पोरीच्या लग्नाचं, बैलाच्या आजाराचं सांगत राहायचे. पुढं ती शाखेची व्यवस्थापक झाली. अव्वा एकदा मुद्दाम बँकेत आली, लेकीच्या खुर्चीला हात लावून पाहिला आणि काहीच न बोलता परत गेली. गावाकडं गेल्यावर मात्र महिनाभर तिनं प्रत्येकाला त्या खुर्चीचं सांगितलं म्हणे.

अशा बाईवर राजकारणाची नजर पडायचीच. जिल्हा परिषदेचा एक गट महिलेसाठी राखीव सुटला आणि आण्णासाहेब घरी आले. आण्णासाहेब पक्षाचे तालुक्यातले जुने पुढारी. गोड बोलायचे, हिशेब मात्र पक्का. पन्नाशीला दोन-तीन वर्षं उरलेल्या नीलिमाताईंनी आठवडाभर विचार केला आणि नोकरी सोडली. बँकेच्या खिडकीतून शंभर माणसांचं भलं होतं, परिषदेत बसून लाखाचं होईल, असं त्यांना खरंच वाटत होतं. ते खोटं नव्हतं. मोठं व्हावं असंही वाटत होतं, तेही खोटं नव्हतं.

अर्ज भरला आणि दुसऱ्याच दिवशी विरोधकांनी एकच शब्द धरला, बाहेरची. ज्या गावात निम्म्या घरांत कानडी कळते, तिथं हा शब्द चालणार नाही असं नीलिमाताईंना वाटलं होतं. पण तो चालला. बाईचं बोलणं कानडी, बाईचे पाहुणे कानडी, उद्या आपला निधी पलीकडं वाहून नेईल, असं पारावर पारावर सुरू झालं. मोबाइलवरून फिरलं. ज्या जिभेनं बँक वाढवली होती, तीच आता अंगावर आली.

आण्णासाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, मतदान होईस्तोवर कानडीचा एक शब्द तोंडातनं काढू नका. आन् माहेरचं मानूस दारात दिसू देऊ नका. महिन्याचा तर प्रश्न हाय."

त्यांनी मान डोलावली. त्या रात्री भावाला, वीरप्पाला, फोन करून सांगावं असं मनात आलं, पण काय सांगायचं? येऊ नका? त्यांनी फोन केला नाही. अव्वा संक्रांतीआधी येत नाही, हे त्या धरून चालल्या.

मतदानाला नऊ दिवस राहिले होते. हमरस्त्याला लागून पक्षाचं कार्यालय होतं, तिथं जिल्ह्याच्या गावाहून मुलाखत घ्यायला दोन पत्रकार आले होते. कॅमेरा लावलेला, शेजारी आण्णासाहेब, मागं वीस-पंचवीस कार्यकर्ते. पत्रकारानं सरळ विचारलं, लोक तुम्हाला बाहेरची म्हणतात. नीलिमाताईंनी उत्तर पाठ केलेलं होतं. तीस वर्षं मी या मातीत आहे, माझी लेक इथं जन्मली, असं सगळं त्या बोलल्या. आणि शेवटी, जे पाठ केलं नव्हतं तेही बोलल्या, "तिकडं माझं आता कुणी उरलेलं नाही."

वाक्य संपतंय तोच दारातल्या गर्दीत हालचाल झाली. अव्वा आत आली. घराला कुलूप बघून शेजारणीला विचारत विचारत ती इथवर पोचली होती. हातात तेच गाठोडं. उन्हातून आल्यामुळं असेल, ती डोळ्यांवर आडवा हात धरून एकेका चेहऱ्याकडं निरखून बघत होती. लेक खुर्चीत दिसली तशी ती हसली आणि तिनं हाक मारली, "नीली."

पत्रकारानं मागं वळून बघितलं. कॅमेरा चालूच होता. "ह्या कोण, ताई?"

आण्णासाहेबांनी ताईंकडं पाहिलं. नीलिमाताईंना नंतर कितीदा आठवलं, तो क्षण काही फार लहान नव्हता. विचार करायला वेळ होता. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर एक ट्रक गिअर बदलत होता, आणि त्यांनी विचार करून सांगितलं.

"बँकेच्या जुन्या खातेदार आहेत. आजींना कुणीतरी पाणी द्या."

अव्वाचं हसू हळूहळू मिटलं. ती लेकीकडं बघत राहिली. मग तिनं पत्रकाराकडं तोंड केलं आणि जन्मात पहिल्यांदा मराठी बोलली. "व्हय," ती म्हणाली. "खाता हाय माजी."

त्या मोडक्या वाक्यावर दोघंतिघं हसले. कुलदीप नावाचा पक्षाचा तरुण कार्यकर्ता पुढं झाला. तो ताईंच्या घरी कैकदा येऊन गेला होता, अव्वाच्या हातची चटणी त्यानं खाल्ली होती. त्यानं कुणाकडं न बघता म्हातारीचा हात धरला, तिला बाहेर नेलं आणि स्टँडवर जाऊन एस्टीत बसवून दिलं. मुलाखत पुढं सुरू झाली.

विरेशला हे संध्याकाळी कळलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मागं जाऊन नुसती हाक मारली असतीस तरी चाललं असतं." नीलिमाताई म्हणाल्या, निवडणूक झाली की पहिली गाडी तिकडंच.

निवडणूक झाली. त्या साडेचारशे मतांनी निवडून आल्या. मिरवणूक झाली, सत्कार झाले, आणि पहिली गाडी तिकडं जायला पंचवीस दिवस लागले.

अव्वानं दारात लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला, ती हाक कानडीत. मग लेकीकडं वळून म्हणाली, "बसा. दमल्या असाल."

नीलिमाताईंना वाटलं, थट्टा चाललीय. त्या कानडीत बोलू लागल्या, तब्येत विचारली, पिकाचं विचारलं. अव्वानं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, मराठीत. लिंगं चुकत होती, क्रियापदं मधेच तुटत होती, शब्द अडला की ती थांबायची, डोळे मिटून शोधायची आणि पुन्हा मराठीतच पुढं जायची. आणि लेकीला ती तुमी म्हणत होती. सगळं घर कानडीत बोलत होतं आणि एकट्या तिच्याशी आई मराठीत बोलत होती, पाहुण्याशी बोलावं तशी. वीरप्पा खाली मान घालून बसला होता.

त्या दिवशी माफी मागायची असं ठरवूनच त्या गेल्या होत्या. ती मराठीत मागायची की कानडीत, हेच त्यांना कळेना. चहा घेऊन त्या परत आल्या.

पुढं कामाचे दिवस आले. महिला व बालकल्याणाचं सभापतिपद मिळालं, लाल दिव्याचे दिवस नसले तरी सरकारी गाडी मिळाली. भूम तालुक्यातल्या ईटपासून तुळजापूरच्या जळकोटपर्यंत त्यांनी अंगणवाड्या पालथ्या घातल्या. कुठं छत गळत होतं, कुठं सेविकेला चार महिने मानधन नव्हतं. त्या अधिकाऱ्यासमोर बसून राहायच्या, काम झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. लोक नाव काढू लागले. माहेरी दोन-तीन महिन्यांनी चक्कर व्हायची, आणि दर वेळी अव्वाची मराठी थोडी सुधारलेली असायची. कुठून शिकत होती कोण जाणे. नीलिमाताईंना ती सुधारणा ऐकवायची नाही.

वर्ष-सव्वा वर्षानं त्यांच्या लक्षात आलं की अव्वा पेला धरताना चाचपडते. वीरप्पाला विचारलं तेव्हा तो बहिणीकडं न बघता कानडीत बोलला, आणि सगळं उलगडलं. कार्यालयात आली त्या दिवशी अव्वा नुसती लेकीला भेटायला उमरग्याला आली नव्हती. कडेचं दिसेना झालं होतं, दिव्याभोवती कडी दिसायची, म्हणून ती डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला निघाली होती. लेक सोबत येईल, डॉक्टरशी मराठीत बोलेल, असं धरून. परत आल्यावर तिनं सांगितलं, डॉक्टर भेटला नाही. वीरप्पानं नंतर कितीदा चल म्हटलं, तिनं दर वेळी टाळलं.

नीलिमाताईंनी दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून सोलापूरला नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर चांगला होता, त्यानं समजावून सांगितलं, की जी दृष्टी गेली ती येत नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर थेंबांवर थोपवता आलं असतं. परतीच्या वाटेवर अव्वा खिडकीशी बसली होती. मध्येच म्हणाली, "तुमाला उगं तरास."

त्यानंतर नीलिमाताईंनी जिल्हाभर वृद्ध बायांच्या डोळ्यांची शिबिरं लावली. गावोगावी, शाळांच्या खोल्यांत, देवळाच्या सभामंडपात. दोन वर्षांत हजारो बाया तपासल्या गेल्या, शेकडोंना वेळेत औषध लागलं. पेपरांनी फोटो छापले. बक्षीस द्यायला बोलावलं की सूत्रसंचालक विचारायचा, ही कल्पना कशी सुचली, आणि त्या म्हणायच्या, ग्रामीण भागात फिरताना जाणवलं. एकदाही खरं सांगितलं नाही. अव्वा हळूहळू पूर्ण आंधळी झाली.

परिषदेची मुदत संपली, प्रशासक आला, गाडी गेली. त्यानंतरच्या वर्षी, उन्हाळ्यात, वीरप्पाचा फोन आला की आता लवकर या. नीलिमाताई चार दिवस माहेरी राहिल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढ्या सलग. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी अव्वाचा हात हातात घेतला आणि कानडीत बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी कार्यालयात मी जे म्हणाले, एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं येईना.

अव्वानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "तुमी निवडून आल्या न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं."

चौथ्या दिवशी पहाटे तिला भ्रम झाला. ती कानडीत भराभर बोलत होती, स्वतःच्या आईशी, कुठल्या तरी म्हशीशी, नीलीशी सुद्धा. चार-पाच वर्षांची नीली, विहिरीकडं धावणारी. नीलिमाताई ओ देत राहिल्या, पण ती हाक त्यांच्यासाठी नव्हती. दुपारपर्यंत सगळं संपलं.

या हिवाळ्यात पुन्हा निवडणुकांचं वारं सुटलं. आण्णासाहेब थकले होते तरी घरी आले, ताई, तुमच्याशिवाय गट निघत नाही, म्हणाले. नीलिमाताईंनी त्यांना सांगितलं की आधी मला कार्यालयात सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलायची आहे. आण्णासाहेबांना वाटलं, काहीतरी मागणी असेल. त्यांनी बैठक बोलावली.

तीस-चाळीस माणसं होती. नीलिमाताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं, की मागच्या निवडणुकीत इथं, या खोलीत, एक म्हातारी आली होती. तिला मी खातेदार म्हणाले. ती माझी आई होती. तिचे डोळे माझ्यामुळं गेले. एवढं बोलून त्या खाली बसल्या.

मग मागून एकानं टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळी खोली टाळ्या वाजवू लागली. दोघी बायांनी डोळ्याला पदर लावला. आण्णासाहेब वाकून त्यांच्या कानाशी आले. त्यांचेही डोळे ओले होते, ते नाटक करत नव्हते. "ताई, हेच सभेत बोला," ते म्हणाले. "बाया ऐकत्याल. आता पलीकडनं हिकडं येऊन राहिलेल्यांची मतंबी लई हायत."

नीलिमाताईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं की यातून सुटका नाही. तेव्हा आईला लपवून मतं मिळाली होती, आता तिला दाखवून मिळणार होती. त्यांनी तिथंच हात जोडले आणि तिकीट नको म्हणून सांगितलं. आण्णासाहेबांनी समजावलं, विरेशनंही एकदा विचारलं, पण त्या बधल्या नाहीत. तिकीट कुलदीपच्या बायकोला, राजनंदिनीला, मिळालं.

अर्ज भरून झाल्यावर कुलदीप बायकोला घेऊन पाया पडायला आला. राजनंदिनी आत शिवांजलीशी बोलत बसली, ती पुण्याहून सुट्टीला आली होती. कुलदीप ओसरीत उभाच राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. बसा म्हटल्यावर बसला आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, की त्या दिवशी एस्टीत बसवताना आजी त्याच्याशी बोलल्या होत्या. त्याला कानडी कळते. इतकी वर्षं सांगू की नको करत राहिला.

"काय म्हणाल्या?" नीलिमाताईंनी विचारलं.

"गाडी सुटायला अर्धा तास होता. म्हणल्या, मला चार वाक्यं मराठीची शिकव. मी हसलो. तर म्हणल्या, माझ्या तोंडातनं नीली गेलं, पोरीचं काम बिघडलं असतं. पुन्ना चुकी व्हायला नको. बसा, दमला असाल, बरं हाय का, असलं शिकवलं मी. त्या घोकत होत्या. गाडी निघाली तरी खिडकीत ओठ हालत होते."

सहा वर्षं ती मराठी नीलिमाताई शिक्षा म्हणून ऐकत आल्या होत्या. मनातून त्यांना तिचा रागही आला होता, एवढं काय धरून बसायचं, असंही वाटलं होतं, आणि म्हणून कितीतरी महिने त्या माहेरी गेल्या नव्हत्या. एकदा नुसतं, अव्वा, माझ्याशी आपल्या बोलीत बोल, आता कुणी ऐकत नाही, असं म्हणाल्या असत्या तर म्हातारीनं सुटकेचा श्वास सोडला असता. तेवढं एक वाक्य त्यांना सुचलं नव्हतं.

कुलदीप उठून गेला. आतून दोघी पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता.

आता त्या कुठल्या पदावर नाहीत. आठवड्यातून दोन दिवस सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागाबाहेर बाकावर बसतात. पलीकडून आलेल्या म्हाताऱ्यांचं कानडी बोलणं ऐकून डॉक्टरला मराठीत सांगतात, डॉक्टरचं त्यांना कानडीत. डॉक्टर नवा आहे, तो त्यांना मावशी म्हणतो, सभापती होत्या हे त्याला ठाऊक नाही आणि त्यांनी सांगितलेलंही नाही. परवा एक बाई तपासून झाल्यावर जायला उठली आणि मध्येच थांबून म्हणाली, तुमची कानडी जरा मराठीसारखी वाटते, माहेर कुठलं?

नीलिमाताईंनी गावाचं नाव सांगितलं.

त्या गावात आता कोण आहे, बाईनं विचारलं.

भाऊ आहे, त्या म्हणाल्या. आई होती. मग पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं आणि त्या उठल्या.